कोपऱ्यातलं नाव

ट्रेनी होस्टेल, मिल कॉलनी
(बिलासपूरच्या पुढे, नकाशात शोधू नकोस)
१८ ऑगस्ट १९९६

ताई,

सविनय जयभीम. पोचलो, जेवलो, झोपलो आणि अजून कुणी मला परत पाठवलेलं नाही, एवढं आईबाबांना वाचून दाखव. पुढचं तू एकटीने वाचलंस तरी चालेल.

आम्ही बारा जण आहोत. वेगवेगळ्या कॉलेजांतून उचलून आणलेले नवे इंजिनिअर. इंजिनिअर म्हणायचं ते आपल्या पुलगावात; इथे आम्ही 'ट्रेनी'. वर्षभर या खात्यातून त्या खात्यात फिरायचं, शिकायचं आणि शेवटी मोठ्या साहेबांच्या कमिटीसमोर बसायचं. पसंत पडलो तर पक्के, नाही तर घरचा रस्ता. तुझ्या बघण्याच्या कार्यक्रमासारखंच, फक्त पोहे मिळत नाहीत. रागावू नकोस.

इथे माणूस हेल्मेटवरून ओळखतात. पक्क्या इंजिनिअरचं पांढरं, कामगाराचं निळं, ठेकेदाराच्या माणसाचं पिवळं आणि आमचं हिरवं. हिरवं म्हणजे कच्चं, हे सांगायला कुणी लागत नाही. कागदाच्या गिरणीला एवढा घाण वास येत असेल, असं वह्या वापरताना कधी वाटलं नव्हतं. तुझ्या शाळेतल्या पोरांना हे कळू देऊ नकोस, नाही तर गृहपाठ न करायला कारण मिळेल.

मला बॉयलर हाउस मिळालं आहे. पहिलं काम लाइन ट्रेसिंग. म्हणजे वाफेचा प्रत्येक पाइप कुठून निघतो, कुठे जातो, त्यावर व्हॉल्व्ह कुठे आहे, हे शिड्या चढून स्वतः बघायचं आणि कागदावर काढायचं. घामाने शर्ट पिळून काढावा लागतो, पण मला आवडतंय.

आणि ऐक. कँटीनमध्ये मी कुणाला तरी 'का?'ऐवजी आपल्याकडचं "काऊन?" म्हटलं, तर मागून एक पिवळं हेल्मेट वळलं. "वर्ध्याकडचे का तुमी? मले वाटलंच!" ठेकेदाराकडचा फिटर आहे, नत्थू, सेलूचा. आता रोज भेटला की विचारतो, "हिरवे साहेब, पिकले का नाई अजून?" एवढ्या परक्या मुलखात असं कुणी चिडवलं की बरं वाटतं.

तुझा,
प्रफुल्ल

*

वडनेर
७ सप्टेंबर १९९६

चि. प्रफुल्ल,

तुझं पत्र मी शनिवारी पुलगावला नेलं आणि सगळं मोठ्याने वाचलं, पोह्यांसकट. आई हसली, म्हणून तुला माफ केलं.

बाबांची गंमत ऐक. डेपोत मजुरी करून त्यांची पाठ वाकली, पण सध्या ताठ चालतात. विहारात कुणी विचारलं, "प्रेमदास, पोरगा काय करते?" की "इंजिनिअर हाये, कंपनीत," एवढंच सांगतात आणि समोरचा आणखी काही विचारेल म्हणून वाट पाहतात. ट्रेनी हा शब्द मी घरात येऊच दिलेला नाही. तूही लिहू नकोस.

नागपूरचं एक स्थळ आलं आहे. मुलगा सरकारी ऑफिसात आहे, स्वभावाने शांत वाटला. मला आवडला, हे तुलाच सांगते. त्याच्या आईने दोनदा विचारलं, "भाऊ पक्का आहे ना कंपनीत?" एकोणतिशीतल्या शिक्षिकेला स्वतःच्या पक्क्या नोकरीवर भागत नाही, भावाचीही लागते. आई "हो" म्हणाली. तेव्हा आता तू पिक लवकर.

नत्थूला माझा नमस्कार सांग. परमुलखात आपलं माणूस असलं की आईचा जीव थाऱ्यावर राहतो.

तुझी,
सरिताताई

*

मिल कॉलनी
३ नोव्हेंबर १९९६

ताई,

उशीर झाला. एका गोष्टीवर तुझं मत हवं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

दुसऱ्या मजल्यावर वाफेचा एक पाइप आहे. त्याला मागच्या बाजूने आणखी एक पाइप येऊन मिळतो. कधी तरी घाईत जोडला असावा. ऑफिसातल्या मूळ नकाशात तो नाही, माझ्या नकाशात आहे, कारण मी तिथे पोटावर सरपटत गेलो होतो. म्हणजे असं, की मूळ नकाशा पाहून कुणी समोरचा व्हॉल्व्ह बंद केला, तरी मागून वाफ येतच राहणार.

मी चौबेसाहेबांना, म्हणजे आमच्या खात्याच्या प्रमुखांना दाखवलं. ते म्हणाले, तो जोड तात्पुरता आहे, काढून टाकणार आहोत. मूळ नकाशा वरून मंजूर झालेला आहे, ट्रेनीचा नकाशा त्याच्याशी जुळलाच पाहिजे. जुळवून आण. मी म्हटलं, साहेब, पण जोड आज तरी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमको कॉलेज में सीट कैसे मिली थी?" नकाशाचा आणि सीटचा काय संबंध, ते मला कळलं आणि इतरांनाही कळलं. दोघे खाली बघून हसले.

माझ्या खोलीतला भूपेंद्र हिंगणघाटचा आहे, कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तो रात्री म्हणाला, "मी वाद घातला तर म्हणतील भूपेंद्र भांडखोर आहे. तू घातलास तर म्हणतील, ह्या लोकांना जमतच नाही. तू चूप राह." मी त्याला म्हटलं, मग तूच वाद घाल ना, तू पण पाहिला आहेस तो पाइप. त्यावर त्याने कूस बदलली.

काय करू? वरच्या साहेबांकडे जायचं, तर चौबे कमिटीत बसणार आहेत.

प्रफुल्ल

*

वडनेर
१६ नोव्हेंबर १९९६

चि. प्रफुल्ल,

पत्र तीनदा वाचलं. पाइपाचं मला फारसं कळलं नाही, पण तुझं कळलं. अमरावतीच्या होस्टेलात वॉर्डनशी असाच भांडला होतास, आठवतं? बरोबर तूच होतास आणि महिनाभर बाहेर जेवायला लागलं तेही तुलाच. तुला अपमान सहन होत नाही, आणि मग तू त्याचा तत्त्वाचा प्रश्न करतोस.

त्या माणसाने विचारलं ते वाचून माझ्या अंगाची आग झाली. खोटं बोलत नाही. पण त्याला उत्तर द्यायची ही वेळ नाही. नकाशा त्यांचा, पाइप त्यांचे, गिरणी त्यांची. साहेब म्हणतो जुळव, तर जुळव. एक वर्ष मान खाली घाल, प्रफुल्ल. पांढरं हेल्मेट डोक्यावर आलं की मग हवं तेवढं भांड. तेव्हा ऐकावंही लागेल त्यांना.

आपल्या गल्लीतून बाहेर पडलेला तू पहिला आहेस. रूपरावांचा धाकटा तुझ्याकडे बघून सायन्सला गेला. तू परत आलास तर तो काय समजेल? आणि नागपूरचं मी लिहिलं आहेच. ते लोक मार्चमध्ये ठरवतील. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही.

ऐकशील ना?

ताई

*

मिल कॉलनी
१२ जानेवारी १९९७

ताई,

ऐकलं. तो जोड खोडरबराने पुसला आणि नकाशा नव्याने शाईत काढला. तुला माझं अक्षर माहीत आहे. चौबेसाहेब इतके खूश झाले, की त्यांनी तो काचेच्या फ्रेममध्ये घालून कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावला. खाली कोपऱ्यात 'प्र. प्रे. थूल' असं इंग्रजीत आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण बघतो. बाबांना सांग, त्यांचंही नाव त्यात आहे.

नत्थूला नेऊन दाखवलं. त्याला इंग्रजी येत नाही, पण मी बोट ठेवून नाव दाखवल्यावर त्याने आपल्या ठेक्यातल्या सगळ्या माणसांना गोळा करून आणलं. "हे पाहा, आमच्या वर्ध्याच्या साहेबाचं नाव!" मला फुगायला झालं; पण पुढचं ऐक. त्याच पाइपाचं काम मार्चमधल्या शटडाउनमध्ये नत्थूची माणसं करणार आहेत. शटडाउन म्हणजे वर्षातून एकदा गिरणी बंद ठेवून करायची दुरुस्ती; पण एक बॉयलर तेव्हाही चालू असतो.

तू घाबरू नकोस. मी त्यावर तोड काढली आहे. चौबेंशी वाद घालायचा नाही; पण त्या दिवशी मी स्वतः तिथे उभा राहीन आणि मागच्या पाइपाचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने बंद करून घेईन. कुणाला काही बोलायलाही नको. म्हणजे तुझंही ऐकल्यासारखं होईल आणि माझंही.

प्रफुल्ल

*

वडनेर
१५ फेब्रुवारी १९९७

चि. प्रफुल्ल,

घाईत लिहिते. नागपूरची मंडळी २ मार्चला, रविवारी, पुलगावला येत आहेत. घर बघायचं आहे, आणि खरं सांगायचं तर तुला बघायचं आहे. मुलाच्या आईने निरोपच तसा दिला: "इंजिनिअर भाऊ राहतील ना?" तू नाही आलास तर त्याचा वेगळा अर्थ निघेल. एक दिवसाची रजा काढ. माझ्यासाठी एवढं कर.

ताई

*

मिल कॉलनी
२२ फेब्रुवारी १९९७

ताई,

येतो. शटडाउनचं काम सोमवारी सुरू होणार आहे. रविवारी संध्याकाळच्या गाडीने निघालो की सोमवारी कामावर हजर होईन. नत्थूला बजावून ठेवलं आहे, मी येईपर्यंत दुसऱ्या मजल्यावरच्या त्या पाइपाला हात लावायचा नाही. काऊन, असं त्याने विचारलं नाही. "तुमी म्हणता तं नाई लावत," म्हणाला.

आईला म्हणावं, पोह्यांत शेंगदाणे जास्त घाल.

प्रफुल्ल

*

पुलगाव
१६ मार्च १९९७

चि. प्रफुल्ल,

होकार आला! मुलाच्या वडिलांनी बाबांना घट्ट धरलं आणि बाबा सगळ्यांसमोर रडले. आईने गल्लीत पेढे वाटले. मी शाळेत कुणाला सांगितलं नाही, तरी सगळ्यांना कळलं.

त्यांना तू फार आवडलास. तू गिरणीचं सांगत होतास तेव्हा मुलगा स्वतः पुढे सरकून ऐकत होता. लग्न मे महिन्यात, आपल्या विहारात. जुलैत तू पक्का होशील, म्हणजे तुझ्याही मागे लोक लागतीलच.

पण तू पोचल्याचं पत्र का नाही? दोन आठवडे झाले. कामात असशील. आई रोज विचारते.

ताई

*

मिल कॉलनी
२४ मार्च १९९७

ताई,

होकाराचं वाचून आनंद झाला. खरंच झाला.

इथे एक अपघात झाला, म्हणून लिहायचं राहिलं. नत्थू भाजला. वाफेने. दोन्ही हात आणि मानेची एक बाजू. मी पुलगावला होतो तेव्हाच झालं. कंपनीने इथल्या दवाखान्यात थोडे दिवस ठेवलं आणि मग ठेकेदाराने त्याला सेलूला पाठवून दिलं. तिथे त्याची बायको आणि म्हातारी आई असते.

तू एकदा जाऊन येशील का? हिंगणघाटहून वर्धा, तिथून सेलूची गाडी मिळते. काही फळं घेऊन जा. माझी बहीण म्हणून सांग. फार वेळ थांबू नकोस आणि फार विचारपूसही करू नकोस, त्यांना त्रास होईल.

मी ठीक आहे. चौकशी चालू आहे, एक कागद माझ्याही सहीला आलाय. त्यात विशेष काही नाही.

प्रफुल्ल

*

वडनेर
९ एप्रिल १९९७

प्रफुल्ल,

सेलूला जाऊन आले. तू विचारपूस करू नकोस म्हणालास, म्हणून मी केली. शाळेत वीस-पंचवीस पोरं एकाच वेळी काही तरी लपवत असतात. तुला माझ्यापासून लपवता येत नाही.

नत्थू खाटेवर होता. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, उशांवर ठेवलेले. तुझी बहीण म्हटल्यावर उठायला बघत होता. मी त्याला हाताने थोपवलं. त्याची बायको विमलाबाई मला दारापर्यंत सोडायला आली आणि तिथे बोलली. तिचे शब्द तसेच्या तसे लिहिते, कारण ते तू ऐकलेच पाहिजेत.

"काम सोमवारचं होतं, पण चौबेसाहेबानं रविवारीच लावलं. हे म्हणे, थूलसाहेब येऊ द्या, त्याइनं हात लावाले नाई सांगतलं. तं साहेबानं ह्याइले भिंतीवरचा नकाशा दाखवला. म्हणे, हे पाह्य, कोणाचं नाव हाये? तुह्याच साहेबानं काढला न हा? यात अजून कोणता नळ दिसते का तुले? ह्याइनं नाव वळखलं, बाई. तुमच्या भावाचं नाव हाये म्हणून खोललं."

मी तिथे उंबऱ्यावर बसले. ती मला पाणी आणायला गेली. मला! तिचा नवरा आत तसा पडलेला.

रविवारी आपण पोहे खात होतो, प्रफुल्ल. तू गिरणीच्या गोष्टी सांगत होतास, सगळे हसत होते. तुला बोलावलं मी. मान खाली घाल म्हणाले ती मी. पाइपाचं मला कळलं नव्हतं हे खरं नाही. 'मागून वाफ येतच राहणार' हे वाक्य पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे आणि माझ्यावर त्याहून जास्त.

तो सहीचा कागद काय आहे? विशेष काही नसतं तर तू लिहिलंच नसतंस. खरं लिही.

नागपूरला मी पत्र टाकलं आहे, की भावाची नोकरी पक्की धरू नका आणि तरीही यायचं असेल तर या. आईला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून बसली. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तुला काय कर ते मी या वेळी सांगत नाही. मागच्या वेळी सांगितलं होतं.

ताई

*

मिल कॉलनी
१९ एप्रिल १९९७

ताई,

कागदात असं आहे, की हा नकाशा मी जागेवर फिरून काढला, तो पूर्ण बरोबर आहे आणि फिटरने घाईत, न विचारता जोड खोलला. खाली माझ्या सहीची जागा. चौबेसाहेबांनी तो दिला तेव्हा खुर्चीवर बसायला सांगितलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाले, कमिटीत तुझं काम मी बघतो.

त्यांनी तो मागचा पाइप अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी कापून टाकला आणि तोंड वेल्ड करून बंद केलं. आता कुणी वर जाऊन पाहिलं तर माझा नकाशा खरा आहे. मीही जाऊन पाहिलं. वरचा रंगसुद्धा वाळला होता. क्षणभर मलाच वाटलं, की कदाचित तिथे काही नव्हतंच.

भूपेंद्रला म्हटलं, आपण दोघांनी लिहून देऊ. तो म्हणाला, "यार, मले नको ओढू." वाईट मुलगा नाही तो. तुझं पत्र वाचल्यावर मी त्याच्यापेक्षा फार वेगळा होतो असं मला वाटत नाही.

कागद माझ्या उशाखाली आहे. उद्या द्यायचा आहे.

प्रफुल्ल

*

वर्धा स्टेशन
१ जून १९९७

ताई,

हे पत्र वडनेरला पोचेपर्यंत मीही पुलगावला पोचलेला असेन; पण काही गोष्टी घरात सगळ्यांसमोर बोलता येणार नाहीत, म्हणून इथे बाकावर बसून लिहितो.

मी त्यांच्या कागदावर सही केली नाही. स्वतःच्या हाताने दुसरा लिहिला. पहिल्या नकाशात जोड दाखवला होता, तो साहेबांच्या सांगण्यावरून पुसला, तो तिथे आहे हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक असून मी गप्प राहिलो. एक प्रत कंपनीला दिली, एक कारखाना निरीक्षकाच्या ऑफिसला टपालाने पाठवली. भूपेंद्र पोस्टापर्यंत सोबत आला, पण आत आला नाही.

त्यानंतर कुणी ओरडलं नाही. मला बॉयलर हाउसमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं आणि मे संपताना पत्र दिलं: प्रशिक्षण समाधानकारक नाही. कमिटीपर्यंत जायचीही गरज पडली नाही. हिरवं हेल्मेट गेटवर परत द्यावं लागलं. त्या कागदाने नत्थूला काही मिळेल का, ते मला माहीत नाही. निरीक्षकाचं अजून उत्तर नाही. तुझ्या पत्राला नागपूरचंही नाही, आणि लग्नाचा मे तसाच गेला. रूपरावांच्या धाकट्याला काय सांगायचं तेही मला सुचलेलं नाही.

आज सकाळी वर्ध्याला उतरलो आणि घरी यायच्या आधी सेलूला गेलो. नत्थूच्या पट्ट्या निघाल्या आहेत. बोटं पूर्ण मिटत नाहीत. मी त्याला सगळं सांगितलं, पुसलेल्या जोडासकट. शेवटी त्याने एकच विचारलं, "मंग तुमी तवाच काऊन नाई सांगतलं?"

ताई, तुझं नाव तोंडाशी आलं होतं. चौबेंचं, भूपेंद्रचं, सगळ्यांचीच आली. मी म्हटलं, "मले पक्कं होयचं होतं, नत्थूभाऊ."

त्याने दोन्ही हात उलटे करून पाहिले. मग म्हणाला, "मले बी होयचं होतं. साहेब म्हणे, हे काम आजच करून दे, तुह्यं नाव धाडतो वर. म्हणून मी बी थांबलो नाई तुमच्यासाठी."

विमलाबाईंनी चहा आणला. आधी त्याला बशीने पाजला आणि मग माझ्यापुढे कप ठेवला. मी तो प्यालो.

तुझा,
प्रफुल्ल